चित्राला नेमून दिलेले काम

माणसाने आजवर काढलेली बहुतेक चित्रे आणि घडवलेल्या बहुतेक मूर्ती कोणत्या ना कोणत्या कामासाठी तयार झाल्या. कुणाला पुण्य जोडायचे होते, कुणाला हाती न लागणाऱ्या शत्रूवरचा राग काढायचा होता, कुणाला लग्नघरात देवीला बोलवायचे होते, कुणाला नव्या राजवाड्याचा दरबार सजवायचा होता. भिंतीवर केवळ पाहण्यासाठी टांगलेले चित्र आणि त्याच्यासमोर शांतपणे उभा असलेला प्रेक्षक ही जोडी त्यामानाने अलीकडची. पॅरिसचे लूव्र संग्रहालय सर्वसामान्यांना खुले झाले ते १७९३ मध्ये. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, खुले झाले १९२२ मध्ये. त्याआधीच्या हजारो वर्षांत चित्रे आणि शिल्पे देवळांत, लेण्यांत, घरांच्या भिंतींवर, पोथ्यांत आणि राजेलोकांच्या बासनांत होती, आणि तिथे ती कामाला लागलेली होती.

संग्रहालयात आली की त्यांचे ते काम सुटते. तमिळ प्रदेशातील चोळकालीन कांस्यमूर्तींचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. काचेच्या कपाटातली मूर्ती उघडी, काळसर आणि डौलदार दिसते आणि पाहणाऱ्याचे लक्ष तिच्या शरीराच्या वळणांवर जाते. देवळात हीच मूर्ती रेशमी वस्त्रे, दागिने आणि हारांखाली जवळजवळ झाकलेली असते. ती उत्सवमूर्ती आहे, वर्षातल्या ठरावीक दिवशी मिरवणुकीने गावात फिरणारी. तिच्या पीठाला असलेली कडी किंवा भोके दांडे अडकवून खांद्यावर घेण्यासाठी आहेत. संग्रहालयात मूर्तीच्या चेहऱ्याचे फोटो पुष्कळ निघतात, त्या भोकांकडे सहसा कुणी पाहत नाही. मूर्ती कशासाठी घडवली याचा पुरावा मात्र तिथेच असतो.

संदर्भ समजून घेणे म्हणजे असे पुरावे गोळा करणे. चित्र कुणी करवून घेतले, पैसे कुणी दिले, ते कुठे असणार होते, कोण पाहणार होते, किती उजेडात पाहणार होते आणि ते कशाने रंगवले, हे त्यातले मुख्य प्रश्न. उत्तरे कधी कागदपत्रांत सापडतात, कधी शिलालेखात, तर कधी रंगाच्या कणात.

इटलीत फ्लॉरेन्समधील अनाथालयाच्या चर्चसाठी दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराने केलेल्या चित्राचा १४८५ सालचा करारनामा उपलब्ध आहे. चित्राची किंमत ११५ फ्लोरिन ठरली आणि ते ३० महिन्यांत पुरे करायचे होते. निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन किमतीचाच वापरावा, असे कलमही त्यात होते. आजच्या वाचकाला ही अट चमत्कारिक वाटेल. पण तो निळा लाजवर्द दगड कुटून केलेला असे आणि हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून युरोपात येई. मेरीच्या झग्यावरचा निळा पाहून तेव्हाच्या भाविकाला भक्तीबरोबर खर्चही दिसत होता. देणगीदाराने हात आखडता घेतला नाही, हे त्या रंगाने जाहीर होत असे. हाच अफगाणी लाजवर्द त्यापूर्वी सुमारे हजार वर्षे अजिंठ्याच्या भिंतींवर पोहोचला होता. रंगाच्या एका कणावरून व्यापाराचा रस्ता आणि देणाऱ्याची ऐपत, दोन्ही कळतात.

अजिंठ्याबद्दल मराठी वाचकाने पुष्कळ ऐकलेले असते, आणि बहुधा तेच ते ऐकलेले असते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या घळीत ही लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले, ही गोष्ट शाळेपासून परिचित असते. लेणी कुणी आणि का खोदवली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. खोदकामाचे दोन टप्पे आहेत. पहिला सातवाहनांच्या काळातला, इसवी सनापूर्वीचा. दुसरा पाचव्या शतकातला, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातला. जगप्रसिद्ध झालेली बहुतेक चित्रे दुसऱ्या टप्प्यातली आहेत.

या दुसऱ्या टप्प्यातले देणगीदार शिलालेखांतून बोलतात. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतले. सतराव्या लेण्याचा दाता या भागातला मांडलिक राजा होता. त्याच्या लेखात धाकट्या भावाच्या अकाली मृत्यूचा आणि त्यातून उमगलेल्या जगाच्या अनित्यतेचा उल्लेख आहे. सव्विसावे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने करवले आणि त्याचे पुण्य आईवडिलांना व आपल्या दिवंगत स्नेह्याला अर्पण केले. राजकारण, श्रीमंती आणि शोक अशा तिन्ही गोष्टी या खोदकामामागे आहेत. पण सर्वांचे उद्दिष्ट एक होते, पुण्य. आणि हे पुण्य कुणी चित्र पाहिल्याने मिळणार नव्हते, ते करवल्याने मिळणार होते.

ही एक गोष्ट लक्षात आली की अजिंठ्यातली काही कोडी सुटतात. इतकी बारीक कलाकुसर जिथे दिवसाचा उजेड जेमतेम पोहोचतो अशा आतल्या भिंतींवर आणि डोके वर करकरून मान दुखेल अशा छतावर का केली असेल? आधुनिक प्रेक्षकाला हा प्रश्न पडतो, कारण चित्र प्रेक्षकासाठीच असते असे त्याने गृहीत धरलेले असते. अजिंठ्यात भिंत चित्रांनी भरणे हाच दानाचा भाग होता. गाभाऱ्यात बुद्ध राहतो, तेव्हा त्याचे घर त्याला साजेसे हवे. भिक्षू तिथे राहत होते, वाटसरू आणि व्यापारी येत होते, दिव्याच्या उजेडात त्यांना कथा दाखवल्याही जात असतील. पण कुणीही पाहिले नाही तरी दान पुरे झालेले होते.

कथा मांडण्याची पद्धतही याच दृष्टीने पाहायला हवी. सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची जातककथा आहे. राज्याचा मंगल हत्ती, स्वतःचा रथ, शेवटी पोटची मुलेसुद्धा दान करणाऱ्या राजपुत्राची ही गोष्ट. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो आणि चौकटी आखलेल्या नसल्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. ज्याने ही कथा लहानपणापासून ऐकलेली होती, त्याला अडचण नव्हती. चित्रकाराने प्रसंगांची मांडणी अनेकदा काळापेक्षा जागेनुसार केली आहे. राजवाड्यातले प्रसंग एकीकडे, अरण्यातले दुसरीकडे. ज्याला गोष्ट ठाऊक आहे अशा पाहणाऱ्यासाठी ही भिंत रंगवलेली आहे. दात्याने आपल्या लेण्यात सर्वस्व देणाऱ्या राजपुत्राची कथा असावी असे ठरवले, यात त्याचे आत्मचित्रही थोडेफार असावे, असा तर्क करायला जागा आहे.

तर्काला जागा असते तिथे घसरायलाही जागा असते, आणि अजिंठ्यातच त्याचा नमुना आहे. पहिल्या लेण्यात एक दरबाराचे दृश्य आहे. सिंहासनावर राजा बसला आहे आणि समोर टोकदार टोप्या, दाढ्या आणि लांब अंगरखे असलेले परदेशी लोक नजराणे घेऊन आले आहेत. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने हे दृश्य चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या दरबारात आलेल्या इराणच्या खुस्रो बादशहाच्या वकिलातीचे आहे असे मांडले. अरबी भाषेत लिहिणारा इतिहासकार तबरी याने दोन्ही राजांमधल्या संपर्काचा उल्लेख केलेला असल्यामुळे हे मत चटकन पटले. पाठ्यपुस्तकांत गेले, मार्गदर्शकांच्या तोंडी बसले. महाराष्ट्राच्या अभिमानाला ते सुखावणारेही होते.

अडचण काळाची होती. पुलकेशी राज्यावर आला सातव्या शतकाच्या सुरुवातीला. पहिले लेणे हरिषेणाच्या काळातले, म्हणजे त्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षे आधीचे. शिवाय ज्या लेण्यात चोहीकडे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा आहेत, तिथे एका भिंतीवरच समकालीन राजाच्या दरबाराचा वृत्तान्त का यावा? जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी बौद्ध ग्रंथ आणि चित्रे शेजारी ठेवून हे दृश्य महासुदर्शन राजाच्या कथेतले असल्याचे दाखवले. परदेशी पाहुणे त्या राजाचे वैभव दाखवण्यासाठी आहेत. चित्रकाराने इराणी लोक पाहिले असणार, कारण व्यापारामुळे ते दख्खनमध्ये येत-जात होते, आणि दूरदेशीचा माणूस रंगवायचा म्हणून त्याने तोच नमुना घेतला. त्यामुळे फर्ग्युसनचे मत चुकले तरी चित्राचे ऐतिहासिक मोल घटत नाही. पाचव्या शतकातल्या दख्खनमध्ये इराणी माणूस कसा दिसत होता, हे ते आजही सांगते. जुने मत मात्र अजून पुरते गेलेले नाही. सोयीची गोष्ट सहजी मरत नाही.

असाच प्रकार युरोपात यान व्हान आयक याच्या १४३४ सालच्या प्रसिद्ध चित्राबाबत घडला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील या चित्रात आर्नोल्फिनी घराण्यातला व्यापारी आणि त्याची पत्नी हातात हात देऊन उभे आहेत. पायाशी कुत्रा आहे, वरच्या झुंबरात एकच मेणबत्ती जळते आहे आणि मागच्या भिंतीवर, आरशाच्या वर, ‘इथे होतो’ अशा अर्थाची चित्रकाराची सही आहे. एर्विन पॅनोफ्स्की या थोर कलेतिहासकाराने १९३४ मध्ये या सगळ्या खुणा जोडून हे चित्र म्हणजे विवाहाचा साक्षीपत्रासारखा दस्तऐवज असल्याचे मांडले. कुत्रा म्हणजे निष्ठा, एकटी ज्योत म्हणजे ईश्वराची उपस्थिती. पुढे १९९७ मध्ये एक जुनी नोंद उजेडात आली. ज्या जोडप्याचे हे चित्र मानले जात होते, त्यांचे लग्न १४४७ मध्ये झाले होते. म्हणजे चित्रानंतर तेरा वर्षांनी, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. आता चित्रातला माणूस त्याच घराण्यातला दुसरा कुणी असावा असे मानतात. प्रत्येक वस्तूला गूढ अर्थ लावत सुटण्याच्या सवयीला या एका नोंदीने चांगलाच लगाम घातला. श्रीमंताघरच्या चित्रात कुत्रा कधी कधी केवळ कुत्रा असतो.

याउलट काही चित्रांत संदर्भ नसेल तर खरोखर काहीच हाती लागत नाही. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात मुघल चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास काढलेले एक लघुचित्र आहे. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर. जहांगीरने धनुष्य ताणले आहे आणि समोर भाल्याच्या टोकावर खोचलेले एक काळे शिर आहे. शिराभोवती घुबडे आहेत. वरून पंखवाले देवदूत बादशहाला शस्त्रे देत आहेत आणि बाजूला न्यायाची साखळी आणि तराजू आहेत. ते शिर मलिक अंबरचे आहे.

हे चित्र पाहून कुणालाही वाटेल की मुघलांनी मलिक अंबरला पकडून मारले. तसे कधीच झाले नाही. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला अंबर दख्खनमध्ये आला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, खडकी हे शहर त्याने वसवले, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. मालोजी आणि शहाजी भोसले त्याच्याच राजकारणात वाढले. मुघल फौजांना त्याने गनिमी काव्याने वर्षानुवर्षे जेरीस आणले. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावच्या लढाईत मुघलांनी त्याला हरवले आणि खडकी लुटली, पण अंबर निसटला. पुढे १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मुघल आणि विजापूर यांच्या एकत्रित फौजेचा धुव्वा उडवला. १६२६ मध्ये तो म्हातारपणी वारला, त्याची कबर खुलताबादला आहे. जहांगीर आणि तो समोरासमोर कधीच आले नाहीत.

तेव्हा हे चित्र न घडलेल्या गोष्टीचे आहे, आणि तिथेच त्याच्या अर्थाची सुरुवात होते. बादशहाने आपल्या आत्मचरित्रातही अंबरचा उल्लेख शिव्याशापांशिवाय क्वचित केला आहे. घुबड हा अंधाराचा आणि ओसाडीचा पक्षी. अंबरच्या काळ्या वर्णाला हिणवण्यासाठी चित्रकाराने तो वापरला आहे, आणि उजेडाचा मान बादशहाकडे ठेवला आहे. साखळी ही जहांगीरने गादीवर येताच आग्र्याच्या किल्ल्यावर बांधलेल्या न्यायाच्या साखळीची आठवण देते. पृथ्वीचा गोल आणि देवदूत युरोपातून दरबारात आलेल्या वस्तू आणि छापील चित्रांवरून उचललेले आहेत, तर बैल आणि मासा इस्लामी विश्वकल्पनेतले. जगातल्या सगळ्या परंपरा एका बाणामागे उभ्या केलेल्या आहेत, आणि तो बाण अंबरला लागतो तो फक्त कागदावर.

पाहणारा कोण, हा प्रश्न इथे निर्णायक ठरतो. हे चित्र म्हणजे चौकात लावायचा फलक नव्हता. हातात धरून जवळून पाहायचे ते एक पान आहे, बादशहा आणि त्याच्या मर्जीतल्या चार माणसांसाठी केलेले. प्रजेवर छाप पाडणे हा त्याचा हेतू नसावा. तसा हेतू असता तर ते मोठे आणि उघड्यावर असते. रणांगणात न मिळालेला विजय बादशहाला एकांतात मिळवून देणे, हे अबुल हसनला नेमून दिलेले काम होते. ते त्याने इतक्या कौशल्याने केले की चारशे वर्षांनंतर हेच पान मलिक अंबरच्या दराऱ्याचा सर्वांत ठळक पुरावा ठरले आहे.

कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी परंपरा आणखी एका प्रकारचा संदर्भ दाखवते. हातकागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातल्या आख्यानांची सुटी चित्रे, पाठीला पाठ लावून चिकटवलेली, पोथीसारखी बांधलेली. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो आणि गात गात गोष्ट सांगतो. मोठमोठे डोळे, एका बाजूने दाखवलेले चेहरे, ठसठशीत रेषा, मागे ना डोंगर ना झाडी. चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावली की ही चित्रे जरा उघडीबोडकी वाटतात, आणि त्यात नवल नाही. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात चार हातांवरच्या श्रोत्याला दिसावीत म्हणून ती तशी आहेत. उरलेली जागा गाण्याने भरायची असते.

डहाणू, तलासरी, जव्हार या भागातील वारल्यांच्या चित्रांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिथे चित्राचे काम पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बदलले. कारवीच्या कुडाची भिंत शेणाने सारवायची, त्यावर गेरू द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक चावून कुंच्यासारखी केलेल्या काडीने चित्र काढायचे. हा चौक. तो लग्नात काढतात, घराच्या आतल्या भिंतीवर काढतात, आणि परंपरेने तो सवाशिणी काढतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते, सुफलतेची देवी. जवळच पंचशिऱ्या हा पाच शिरांचा देव असतो. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, देवांना बोलावते आणि भगत आपले विधी करतो. चौकाशिवाय लग्न लागत नाही. देवी तिथे येते, तिच्यासमोर लग्न लागते, आणि काम झाले की चित्र भिंतीवर आपोआप पुसट होत जाते. ते टिकवण्याची कल्पनाच तिथे नव्हती.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कलावंत भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला-योजनेतून या पाड्यांवर गेले आणि त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ते हाती घेतले. सवाशिणींच्या या कामात एका पुरुषाने उतरावे आणि तेही लग्नाशिवाय, रोजच्या रोज, हे मुळात वेगळेच होते. म्हशे यांनी चौक कागदावर नेऊन ठेवला नाही. त्यांनी चौकाबाहेरचे जग कागदावर आणले. तारपा या वाद्याभोवती गोल फिरणारे नाचे, मासेमारीचे जाळे, वारूळ, पाऊस, भातलावणी, लोककथा. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ मध्ये ते वारले. आज वारली चित्र म्हटले की लोकांना आठवतात ते तारप्याचे नाचे. पालघट देवीचे नाव डहाणूबाहेर फार थोड्यांना ठाऊक असते.

यात काही बिघडले का? देवीचा चौक आणि विकण्याचे चित्र ही दोन वेगळी कामे आहेत हे मान्य केले तर फारसे नाही. म्हशे यांची चित्रे स्वतंत्र, अस्सल कलाकृती आहेत, आणि त्यांच्यामुळे कित्येक पाड्यांवर चार पैसे आले. बिघडते ते कपावर, पिशवीवर आणि उड्डाणपुलाच्या खांबावर तीच ती माणसे छापून त्यालाच ‘प्राचीन आदिवासी परंपरा’ म्हटले जाते तेव्हा. उड्डाणपुलाच्या खांबावर लग्न लागत नाही.

राजा रविवर्मा यांच्या बाबतीत काम उलट दिशेने बदलले, दरबारातून देवघराकडे. १८८८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी नव्या लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून पुराणकथांवरची १४ मोठी तैलचित्रे मागवली. युरोपीय तंत्राने, छाया-प्रकाशाने रंगवलेले भारतीय देव आणि नायिका हा त्या दरबाराच्या आधुनिकपणाचा दाखला होता. पण त्याच रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. पुण्यात तर त्याआधीच, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना उभा राहिला होता. तिथली छापील चित्रे देवादिकांबरोबर पेशवाईतले पुरुषही घरोघर पोहोचवत होती, आणि त्यामागचा देशाभिमान उघड होता.

रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत गेल्या. कुणी त्यांना कुंकू लावले, हार घातले, कुणी साडीच्या काठांवर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या. देवळाचे दार ज्यांना बंद होते त्यांच्याही घरात देव आला. आनंद कुमारस्वामींसारख्या टीकाकारांनी रविवर्म्यांची चित्रे नाटकी आणि परक्या वळणाची ठरवली. दरबारी तैलचित्र म्हणून ही टीका विचारात घेण्यासारखी आहे. पूजेच्या चित्राला मात्र ती लागू पडत नाही. चेहरा ओळखू यावा, डोळे आपल्याकडे पाहत असावेत, आणि चित्र काही आण्यांत मिळावे, एवढीच पूजेची मागणी होती, आणि ती पूर्ण झाली.

हेतू जाहीर असूनही चित्र त्यापलीकडे जाते, याचे मोठे उदाहरण पाब्लो पिकासोचे ‘गेर्निका’. जानेवारी १९३७ मध्ये स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या आपल्या दालनासाठी पिकासोला भित्तिचित्र सांगितले. देशात यादवी चालू होती आणि सरकारला जगाची सहानुभूती हवी होती. पिकासोला काही केल्या विषय सुचेना. २६ एप्रिलला बंडखोर फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क प्रांतातल्या गेर्निका गावावर तासन्‌तास बॉम्ब टाकले. वर्तमानपत्रांतून बातम्या आणि छायाचित्रे आली आणि १ मेपासून पिकासो कामाला लागला. साडेतीन मीटर उंच आणि जवळजवळ पावणेआठ मीटर रुंद चित्र जूनच्या सुरुवातीला पुरे झाले, काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांत, वर्तमानपत्राच्या पानासारखे.

चित्रात विमान नाही, बॉम्ब नाही, झेंडा नाही, शत्रूही नाही. किंचाळणारा घोडा, बैल, मेलेले मूल घेतलेली आई आणि एक दिवा आहे. नाव काढून घेतले तर ते कुठल्याही कत्तलीचे चित्र आहे, आणि म्हणूनच ते स्पेनचे काम संपल्यावर दुसऱ्या कामांना लागले. आधी ते निर्वासितांसाठी मदत गोळा करत हिंडले, मग अनेक वर्षे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात राहिले. स्पेनमध्ये लोकशाही स्वातंत्र्ये परत आल्याशिवाय चित्र तिथे पाठवायचे नाही, ही पिकासोची अट होती. त्याप्रमाणे ते १९८१ मध्ये माद्रिदला पोहोचले. त्याची विणून केलेली प्रतिकृती संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर लावलेली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकविरुद्धची बाजू मांडायला तिथे आले, तेव्हा तिच्यावर निळा पडदा टाकण्यात आला. कॅमेऱ्यांना सपाट पार्श्वभूमी हवी होती असे कारण देण्यात आले. बहुतेकांचा त्यावर विश्वास बसला नाही.

संदर्भ कळल्याने सुमार चित्र चांगले होत नाही, हेही खरे. अजिंठ्यातला पद्मपाणी कुणी करवला हे ठाऊक नसलेला माणूसही त्याच्यासमोर थबकतो, आणि दात्याची पूर्ण वंशावळ माहीत असूनही काही भिंती डोळ्यांना रोखत नाहीत. रेषा आणि रंगांचा न्याय डोळ्यांनीच करायचा. पण डोळ्यांना काय शोधायचे हे संदर्भ सांगतो, आणि त्याची निम्मी जबाबदारी चित्र दाखवणाऱ्यांवर आहे. आपल्याकडच्या अनेक संग्रहालयांत वस्तूखालच्या पाटीवर नाव, शतक, माध्यम आणि सापडल्याचे ठिकाण एवढेच लिहिलेले असते. ही मूर्ती कुणी दिली, कुठे उभी होती, तिच्यापुढे काय चालत असे, एवढ्या दोन ओळी वाढवायला मोठा खर्च येत नाही. त्या मराठीत असाव्यात, आणि जिथे अभ्यासकांचे एकमत नाही तिथे तसे स्पष्ट लिहावे. पाहणाऱ्यांनीही पाटीवर त्या ओळी नसतील तर संग्रहालयाकडे त्यांची मागणी करावी.